घरपट्टीची सूट आणि खटक्याचं दार

आता कोणत्या तोंडानं सांगू? पण चहा ठेवलाच आहे, तर ऐका. नुसतं आठवलं तरी दमायला होतं हो!

आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात. मी नुकतीच बी.ए. झालेली. म्हणजे, घरातल्या मोठ्यांना काही कळत नाही याची पक्की खात्री! त्या वर्षी नगरपालिकेनं सांगितलं, उन्हाची झळ अडवणारी घट्ट दारं-खिडक्या बसवा आणि घरपट्टीत सूट मिळवा. झालं! मी बाबांच्या मागे लागले.

बाबा शाळामास्तर. म्हणाले, "जुन्या दारानं तुह्यं काय बिघडवलं?"

"फटीतून भट्टीसारखी हवा येते! शिवाय फटीत हात घालून कोणीही कडी काढतं. शेजारच्या काकू तर हाकसुद्धा मारत नाहीत."

"ते तं सोय हाये," आत्या म्हणाली.

सोय! आता या लोकांशी काय बोलायचं?

शेवटी पैज लागली. सूट मिळाली तर मी एम.ए.ला अमरावतीला जाणार. नाही मिळाली तर आत्यानं शोधलेलं चांदूर बाजारचं स्थळ मुकाट्यानं पाहायचं.

नवं दार आलं, काचेच्या खिडक्या आल्या. दाराला खटक्याचं कुलूप. ओढलं की आपोआप लागायचं. ते कसं उघडायचं हे आत्याला शिकवताना माझा अर्धा जीव गेला.

घरपट्टीचे साहेब आले ते वैशाखात, भर दुपारी. वहाणा आत काढल्या, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "वा! थंड हाये बाप्पा!"

तेवढ्यावर थांबावं की नाही मी? पण नाही! "साहेब, बाहेरून पाहा. फटीत कागदसुद्धा जाणार नाही. बाबा, आत्या, चला तुम्हीही!"

सगळे ओट्यावर आले. मी ऐटीत दार ओढलं. खट्ट!

किल्ली? आतल्या खिळ्याला.

तापलेली फरशी आणि आम्ही सगळे अनवाणी! साहेब या पायावरून त्या पायावर नाचतायत. आत्या ओरडतेय, "अवं, चुलीवर दूध हाये!"

"पाहून काय राहिली? हात घाल फटीत," बाबा म्हणाले.

"फट नाही, बाबा."

"हो. तूच बुजवली."

तेवढ्यात काकू आल्या. "जुनं दार असतं तं आतापावतर म्या साहेबाले च्या पाजला असता!"

"च्या राहू द्या, सूटबी राहू द्या," साहेब कळवळले, "माह्या वहाणा तेवढ्या द्या!"

करपल्याचा वास बाहेर आला नाही. इतकं घट्ट काम! पण काचेतून धूर दिसायला लागला. शेवटी मीच दगड उचलला, दाराजवळच्या खिडकीची काच फोडली आणि आत हात घालून खटका काढला.

साहेबांनी आधी वहाणा घातल्या. मग फुटक्या खिडकीकडे पाहिलं आणि मान हलवली. सूट गेली.

संध्याकाळी बाबांनी माळ्यावरून माझी ट्रंक काढली. मला रडूच फुटलं. "चांदूर बाजार?"

"अमरावती. जाय, कर एम.ए."

"पण मी तर हरले!"

"म्हून तं धाडतो. घरी राहिली तं आता छप्पर बदलवशीन."

आत्या आतून म्हणाली, "चांदूर बाजारवाल्यायलेबी नाही म्हून कळवा, दादा. बिचाऱ्यायचं घर आत्ताच बांधून झालं हाये."