कासारमावशीचा सवाल

हात हातात घेतला की कासारमावशी आधी बोटांची मुळं दाबून हात सैल करायची, आणि बांगडी मनगटावर चढायच्या आत हळूच विचारायची, “दिल्लीत इचारलं का गं माय कुनी?”

तुमच्याही गल्लीत अशी एखादी कासारीण येत असेल. हात तिच्या ताब्यात असतो, त्यामुळे तिचं सगळं ऐकावं लागतं. आमची मात्र कुणाच्या सासूच्या कागाळ्या सांगत नसे. तिला एकच ध्यास होता. सत्तेचाळीसला दिल्लीत झेंडा बदलला तेव्हा निजामाच्या राज्यातल्या परभणीत तो हातात धरणंसुद्धा गुन्हा होता. तिचा एकुलता एक मुलगा तो घेऊन भर बाजारात उभा राहिला आणि निजामाच्या पोलिसांनी त्याला उचललं. काही दिवस तो इथल्याच तुरुंगात होता, ती भाकरी पोचवायची. एकदा शिपायानं भाकरी परत केली. “हलवलाय,” एवढंच म्हणाला. कुठं, ते कुणी सांगेना.

दिल्लीत आता आपल्या लोकांची सभा भरते, तिथं सभासद उभा राहून मंत्र्याला सवाल करतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, हे तिला मीच सांगितलं. मला तरी कुठून कळलं? तिच्याच पेट्यांतून. हद्दीपलीकडची, हिंदुस्थानातली वर्तमानपत्रं आमच्याकडे यायला बंदी होती, पण काचेच्या बांगड्या फुटू नयेत म्हणून पेट्यांत त्यांचेच बोळे कोंबलेले असत. करोडगिरीचे, म्हणजे जकात नाक्यावरचे, लोक बांगड्या तपासत. बोळ्यांकडे कोण बघतो! मावशी ते बोळे मांडीवर सरळ करून पदराखालून माझ्याकडे आणायची. गल्लीत वाचता येणारी सून मी एकटीच, तेव्हा ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

“वाच.”

मी वाचायची. साखरेचा सवाल, कापडाचा सवाल, रेल्वेच्या डब्यांचा सवाल. पुष्कळदा सवाल सापडे आणि उत्तर फाटून गेलेलं असे. मावशी माझ्यावरच चिडायची, जसं काही मीच ते फाडलं होतं. मंत्र्यांचं एक ठरलेलं उत्तर तिला पाठ झालं होतं. कुणी हिरव्या बांगड्या मागितल्या आणि टोपलीत नसल्या, की ती गंभीर चेहऱ्यानं म्हणे, “म्हायती गोळा करायलेय.” आम्ही बायका हसून लोळायचो. तीही हसायची, आणि हसताहसता तोंड फिरवायची.

तिच्या मुलाबद्दल एकाही तुकड्यावर अक्षर नव्हतं.

पेट्या ती एकटी आणत नसे. बाजारात तिच्या शेजारी बसणारी मुसलमान बांगडीवाली, आमची मन्यारीण, हिच्यासोबत ती हद्दीपलीकडच्या मनमाडहून भागीत माल आणायची. मन्यारणीचा मुलगा स्टेशनवर पेट्या उतरवून घ्यायचा. दिवसभर दोघी एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायच्या आणि संध्याकाळी एकाच पुडीतली तंबाखू खायच्या.

एकदा मी बोलून गेले, की सवाल ज्या त्या मुलखाचा सभासद विचारतो.

“मंग आपला कोन?”

“आपला कुणीच नाही, मावशी. निजाम त्यांच्यात सामील झाला नाही. आपल्या जागा रिकाम्याच आहेत.”

तिनं बांगड्यांच्या दोऱ्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. “रिकाम्या म्हंजे, कुनीच बसत न्हाई?”

पुढच्या खेपेला मनमाडला गेली ती पेट्या मन्यारणीवर सोपवून पलीकडच्या एका सभासदाचं घर शोधत गेली. परत आली ती थेट माझ्या दारात. माणूस चांगला होता म्हणाली. बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाई, तुमचं गाव अजून आमच्या हद्दीत नाही, आणि सध्या वेळ नाजूक आहे.

“रडू न्हाई आलं, माय. लय लाज वाटली. त्याच्याच घरचं पानी पिऊन उठले.”

पुढं हद्दीवरून माल येणंच थांबलं. टोपली रिकामी असली तरी ती यायची, हात धरायची, बोटं दाबायची, जुनेच तुकडे पुन्हा वाचायला लावायची. पोस्टातल्या बाबूला विचारायची, रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाही विचारायची. खरं सांगते, ती येताना दिसली की मला दार लावून घ्यावंसं वाटे. देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं. तुरुंग उघडले. पोरं हार घालून घरी आली. त्यातल्या एकानं मावशीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सांगितलं, की तिचा मुलगा उन्हाळ्यातच तापानं गेला. म्हणजे आम्ही साखरेचे नि कापडाचे सवाल पुन्हापुन्हा वाचत होतो, तेव्हा विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“पानी कुनी पाजलं त्याला?” एवढंच तिनं विचारलं.

त्याच दिवसांत गावात सूड सुरू झाला. मन्यारणीचं घर जाळलं आणि तिच्या मुलाला कुणीतरी धरून नेलं. तो निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांत होता की नव्हता, कुणी विचारलंच नाही.

मग एक पुढारी मावशीच्या अंगणात आले. हुतात्म्याची आई म्हणून तिचा सत्कार झाला. माणसं दाटीवाटीनं उभी होती. पुढारी म्हणाले, “मावशी, आता दिल्लीच्या सभेत आपला माणूस बसणार. तुम्ही सांगाल तो सवाल तो पहिला विचारील. बोला.”

मावशीनं पदर सावरला. “मन्यारनीचं पोरगं कुठं ठेवलंय, ते इचारा.”

पुढाऱ्यांनी आवाज खाली आणला. “मावशी, ही वेळ त्याची नाही.”

“त्या तिकडल्या सभासदानं बी हेच म्हनलं हुतं,” ती म्हणाली आणि उठून आत गेली.

दोनतीन दिवसांनी ती मन्यारणीला घेऊन हैदराबादला निघाली. धरलेली माणसं तिकडं नेतात असं तिनं ऐकलं होतं; तिथल्या तुरुंगांत बघू म्हणाली. मी स्टेशनवर गेले. मन्यारीण गाठोड्यावर बसून नुसती रुळांकडे बघत होती.

“तू कशाला जातेस, मावशी?” मी विचारलं. “तुझं आता तिथं कोण आहे?”

“माझं कुनी न्हाई. पर तुरुंगाच्या दारात कसं हुभं ऱ्हायचं, ते तिला ठावं न्हाई गं. मला ठावं हाय.”

गाडी आली, दोघी चढल्या. त्या दिवाळीत आमच्या गल्लीत कुणाच्याच हातात नव्या बांगड्या नव्हत्या.