व्हॅनपुढचं अंगण

निवृत्तीनंतर मी आणि बायको एका जुन्या व्हॅनमध्येच राहतो. मागे पलंग, मधे शेगडी, झाला संसार. अमडापूरजवळच्या एका शाळेच्या भिंती हौसेनं रंगवून देत होतो, म्हणून महिनाभर मुक्काम शाळेच्या मैदानात. समोरच्या घरातली एक बाई रोज सकाळी आमच्या दारापुढे सडा टाकून रांगोळी काढायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. रांगोळीवर माझा पाय पडला, की तिच्या ओसरीवरून नुसतं खाकरणं ऐकू यायचं.

एका रविवारी उजाडायच्या आत व्हॅन घेऊन आम्ही लोणार बघायला गेलो. संध्याकाळी परतलो, तर मोकळ्या मैदानात आमच्या जागेपुढे रांगोळी!

"अहो, आम्ही नव्हतो, तरी काढलीत?"

"घर फिराले गेलतं भाऊ. अंगण तं इथंच होतं ना!"

मला भरून आलं. त्याच भरात मी गाडी लावली.

"काऊन हो भाऊ, दार तिकडं काऊन केलं?"

तीस वर्षं गाडी चालवलेल्या मी तिच्या हातवाऱ्यांवर व्हॅन चारदा मागेपुढे केली. दार बरोबर रांगोळीसमोर आलं, तेव्हा कुठे तिनं कमरेवरचा हात काढला.

"हाव, आता आले तुमी घरी."