चिखलपट्टा नष्ट, आणि सही माझी

‘खाडीतला चिखलपट्टा नष्ट. यादीतून वगळावे.’ शुक्रवारी दुपारी मी हे फॉर्मवर लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. फाइल सोमवारी सकाळी दिल्लीला जायची होती.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी बनारसमध्ये विद्यापीठाच्या एका लॅबमध्ये काम करायची. उपग्रहानं टिपलेली चित्रं पाहून जमिनीवर काय आहे ते ओळखायचं, हे आमचं काम. त्या वर्षी समुद्रकाठच्या पाणथळ जागांचं काम आलं होतं. जगभर अशा जागांच्या याद्या बनत होत्या, आणि आपल्या देशाच्या यादीतल्या काही खाड्या आमच्या वाट्याला आल्या होत्या. प्रत्येक खाडीचं एक जुनं चित्र आणि एक ताजं चित्र शेजारी ठेवायचं. खारफुटी किती उरली, चिखलपट्टा किती उरला, ते मोजायचं आणि मत लिहायचं. आता कोणी म्हणेल, समुद्राचं काम बनारसला कशाला? अहो, चित्र कुठंही बसून पाहता येतं. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटायचं.

कोकणातल्या त्या खाडीच्या जुन्या चित्रात मुखाशी चिखलाचा मोठा निळसर-राखाडी पट्टा होता. ताज्या चित्रात तिथं नुसतं काळं पाणी. म्हणजे चिखल वाहून गेला, दुसरं काय? ज्यांच्याकडून हे काम आलं होतं ते दिल्लीचे साहेब फोनवर आधीच म्हणाले होते की त्या खाडीत कोळंबीचे तलाव खोदायचा अर्ज टेबलावर पडलाय. खाडी यादीत राहिली तर अर्ज अडेल, यादीतून निघाली तर लगेच मंजूर होईल. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ती माझ्या वहिनीच्या माहेरची खाडी होती. पण डेटा म्हणजे डेटा, असं मी स्वतःला बजावलं आणि एक प्रिंट पिशवीत घालून घरी नेली. म्हटलं, तिला निदान शेवटचं दर्शन घडवावं.

आमचं घर दुर्गाघाटावर. अप्पा, म्हणजे माझे वडील, पूजापाठ आणि पत्रिका करत. वहिनी लग्न होऊन कोकणातून थेट काशीत आलेली. बारा वर्षं झाली तरी बनारसी हिंदी तिच्या जिभेवर चढली नव्हती, आणि आमची हिंदीत बुचकळून काढलेली मराठी ऐकून ती अजून हसायची. मी प्रिंट तिच्यापुढं पसरली. खारफुटी लाल दिसते, पाणी काळं, असं समजावलं आणि हळूच सांगितलं की तुमच्या खाडीचा चिखल गेला.

‘गेला?’ वहिनीनं कणकेचा हात पदराला पुसला. ‘परवाच आईचं पत्र आलंय. शेजारची कुशी मुळे काढायला चिखलात उतरली आणि शिंपल्यानं पाय कापून घेतला म्हणून. चिखल गेला तर ही बाई काय रस्त्यावर मुळे शोधत होती?’

मुळे म्हणजे चिखलात राहणारे शिंपले. आमच्या शाकाहारी घरात शिंपल्यांची गोष्ट निघाली म्हणून ओट्यावर बसलेल्या अप्पांनी हे न ऐकल्यासारखं केलं.

मी म्हटलं, वहिनी, आईंना काय दिसतं ते असो, उपग्रहाला खोटं बोलायचं काय कारण? दोन्ही चित्रं मी मुद्दाम जानेवारीचीच निवडली होती. महिना तोच, ऋतू तोच. तुलना अगदी चोख. फेब्रुवारीच्या चित्राचीही एक टेप लॅबमध्ये आली होती, पण महिना जुळत नाही म्हणून मीच ती कपाटात टाकली होती. हे सगळं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. वहिनीनं प्रिंटवर बोट ठेवलं.

‘वन्सं, महिन्याचं काय घेऊन बसलात? फोटो काढला त्या दिवशी तिथी कोणती होती?’

तिथी, म्हणजे भरती! मी प्रिंट पुन्हा हातात घेतली.

भरती-ओहोटी मला ठाऊक नव्हती असं नाही. परीक्षेत तिच्यावर पानभर उत्तर लिहून आले होते. पण ठाऊक असणं वेगळं आणि अंगात मुरलेलं असणं वेगळं. आमच्या घाटावर पाणी वर्षातून एकदा चढतं आणि एकदा उतरतं. भादव्यात किती पायऱ्या बुडाल्या ते मोजत मी लहानाची मोठी झाले. पाणी म्हटलं की महिना बघायचा, हे माझ्या हाडात बसलेलं. दिवसातून दोनदा चढणारं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. मिश्राजी, आमचे लॅबचे साहेब, त्यांनीही नाही. लॅबमधल्या एकानंही नाही.

‘अप्पा, पंचांग!’ मी ओरडलेच.

अप्पांकडं कोनाड्यात जुन्या पंचांगांची चळत होती, पत्रिका करायला लागतात म्हणून जपलेली. प्रिंटच्या कडेला चित्राची तारीख असते. ताज्या चित्राची तारीख मी वाचली, अप्पांनी बोट फिरवलं. पौष शुद्ध चतुर्दशी. वहिनीनं तिथल्या तिथं पाऊणकी म्हटली, ‘चौदा पाऊणे साडेदहा.’ कोकणात भरतीची वेळ काढायची हीच रीत. तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता भरती. आणि उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो कधी? सकाळी साडेदहाच्या सुमाराला! तेही पुनवेच्या आदल्या दिवशीचं उधाण, म्हणजे पंधरवड्यातली मोठी भरती. चिखल दिसणार कसा? तो पाण्याखाली गुपचूप बसला होता.

जुनं चित्र निघालं षष्ठीचं. सहा पाऊणे साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे सहा तास आधी, साडेदहाला, ओहोटी. सगळा चिखल उघडा. आता मला बसवेना. तो उपग्रह बावीस दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जायचा. कपाटातली फेब्रुवारीची टेप त्याच पुढच्या फेरीची. मी दिवस मोजले, अप्पांनी पान उलटलं आणि म्हणाले, ‘रथसप्तमी.’ सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे ओहोटी सव्वाअकराला. चिखल जिवंत असेल तर त्या टेपमध्ये दिसलाच पाहिजे.

शनिवारी लॅब उघडायच्या आधी मी दारात हजर होते. मिश्राजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, ‘पंचांग? तो रिपोर्ट में राहुकाल भी लिख दें?’

त्यांचंही चूक नव्हतं. फॉर्मवर त्यांचीही सही झाली होती. पण माझं डोकं तापलं. मी त्यांच्या टेबलावरचा कागद ओढला, त्यावर चिखलपट्ट्याचा आकार काढला आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. म्हटलं, ‘सर, टेप चढ़ाने दीजिए। यह नहीं दिखा तो जो लिखा है, वही जाएगा।’

टेपचं चाक मशीनवर चढवलं. तेव्हाचे कॉम्प्युटर आठवतात ना? चित्र एकदम येत नसे. वरून एकेक ओळ उतरायची, आणि अख्खं चित्र व्हायला चहा पिऊन होई. आधी डोंगर आले. मग शेतं. मग खारफुटीची लाल किनार. मिश्राजी खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. खाडीचं मुख यायला लागलं आणि मी पडद्याजवळ सरकले. पहिली ओळ काळी. दुसरी काळी. मग काळ्यात निळसर राखाडी एक रेघ आली, तिच्याखाली तिच्याहून लांब दुसरी, आणि मग पट्टा पसरतच गेला, थेट मी कागदावर काढला होता तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात लाज कसली?

 मिश्राजींनी फाइलमधून तो फॉर्म काढला, उभा फाडला आणि विचारलं, ‘बाकी खाड़ियाँ भी महीना देखकर ही की हैं?’

सगळ्याच. मान खाली घालून कबूल केलं.

सोमवारी दिल्लीला फाइल गेली नाही, फोन गेला. साहेब आधी चिडले, मग त्यांनी मुदत वाढवून दिली. एका बंदराच्या कार्यालयातून छापील भरतीचं कोष्टक मागवलं. वहिनीच्या पाऊणकीत आणि त्यात किरकोळ मिनिटांचा फरक निघाला. आम्ही एकूण एक खाडी पुन्हा तपासली. आणखी दोन ठिकाणचे ‘नष्ट’ पट्टे असेच बुडी मारून बसलेले सापडले. वहिनीची खाडी यादीत राहिली, आणि कोळंबीच्या तलावांचा अर्ज परत गेला. आमच्या फॉर्ममध्ये चित्राच्या तारखेशेजारी एक नवा रकाना आला, भरतीच्या वेळेचा. मिश्राजींनी कोष्टक कपाटात ठेवलं आणि खिळ्याला एक पंचांगही टांगलं. कुणी विचारलं तर म्हणत, सुट्ट्या बघायला आहे.

पुढच्या हिवाळ्यात वहिनी मला माहेरी घेऊन गेली. ज्या चिखलाला मी कागदावर मारलं होतं, त्यात मी गुडघ्यापर्यंत रुतले. पलीकडं कुशी मुळे काढत होती, पायाला नवीन चिंधी बांधून. मी खुशीत प्रिंट उघडून तिला तिची खाडी दाखवायला लागले. खारफुटी लाल, पाणी काळं, हा राखाडी तो चिखल. ती ऐकत होती, पण एक डोळा पाण्यावर ठेवून.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘आज पंचमी. नकाशा काठावर जाऊन दाखवा.’

मी मनातल्या मनात पाऊणकी केली. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे ओहोटी पावणेदहालाच संपली होती, आणि घड्याळात बारा वाजून गेले होते. पाणी चढायला लागलं होतं. त्यानंतरच्या माझ्या नोकरीत मी अनेक किनारे तपासले, आणि मत लिहिण्याआधी तिथल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला, इथं भरती कधी येते? त्या दिवशी मात्र काही न विचारता चपला हातात घेतल्या आणि कुशीच्या मागोमाग निघाले.