राजूर रस्त्यावरचं तिसरं कडवं

"अण्णा, जालन्याला जायचं का?" मी विचारलं तेव्हा वडील दाढी करत होते. अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून ते वळले. "कशाला? तिथं आता आपलं कोण आहे?"

"कौसाबाई आहे. असली तर."

ते पुन्हा आरशाकडे वळले. पण दुपारी बघते तर माळ्यावरची बॅग खाली आली होती!

मी नाशिकला एका शाळेत गाणं शिकवते, बावीस वर्षं झाली. तुम्ही गाण्याकडे कशा वळलात, असं कुणी विचारलं की लोकांना मोठ्या मैफलीची गोष्ट हवी असते. माझी गोष्ट जालन्याच्या कपाशीच्या शेतातली आहे. मी नऊ वर्षांची होते. अण्णा तेव्हा बियाणं तयार करणाऱ्या एका कंपनीत देखरेखीला होते आणि आम्ही जालन्यातच मस्तगड भागात भाड्यानं राहत होतो. रविवारी अण्णा मला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून राजूर रस्त्यावरच्या एका प्लॉटवर न्यायचे. तिथं बायका हातानं फुलांचं क्रॉसिंग करायच्या. दुपारनंतर मादी झाडाची कळी अलगद सोलायची, तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलाचे परागकण तिला लावायचे. दिवसाला शेकडो कळ्या. कौसाबाई नावाची एक उंच बाई ओळीत सगळ्यांच्या पुढे असायची. ती गायला लागली की बाकीच्या मागून उचलायच्या.

लाल शेला डोईवर, कळी नवरी सजली
उद्या सकाळच्या पारी, लगीनघडी नेमली

नवरदेव पिवळा गं, उभा बांधाच्या कडेला
हळू लाव बोट सखे, हळद लागू दे तिला

हे ऐकून मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. घरी येऊन मी शेजारच्या काकूंच्या पेटीवर तासभर एका बोटानं ती चाल शोधत बसले. सापडली तेव्हा अंगावर काटा आला होता. आईनं ते पाहिलं आणि मला क्लासला घातलं.

पण दोन-तीन रविवारांनंतर बायका आमच्यासमोर गायच्या थांबल्या. आमची गाडी निघाली की मागून गाणं सुरू व्हायचं. त्यात आणखी एक कडवं असायचं, शब्द कळायचे नाहीत, आणि ते संपलं की सगळ्या खदखदून हसायच्या. मग अण्णांची बदली झाली. ते तिसरं कडवं काय असेल, हा प्रश्न माझ्याबरोबर चाळीस वर्षं राहिला.

तर सप्टेंबरातल्या एका शनिवारी नाशिकरोडहून सकाळची गाडी पकडली. बसायचं आरक्षण आठवडाभर आधी करा, ऐनवेळी मिळत नाही. मनमाडला चहा, पुढे दौलताबादचा किल्ला खिडकीतून बघून घ्यायचा, आणि दुपारी जालना. स्टेशनजवळच्या लॉजवर दोघांची खोली बाराशेला मिळाली. स्वच्छ आहे, पण गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. जेवणात ज्वारीची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. ठेचा जपून घ्या, मी जपून घेतला नाही आणि अर्धा तास हुसहुस करत बसले.

संध्याकाळी जुन्या जालन्यात फिरलो. कापडाच्या आणि धान्याच्या दुकानांमधून दुचाक्या अशा घुसतात की रस्ता ओलांडताना अण्णा माझा हात धरत होते, मी त्यांचा धरायच्या ऐवजी. मस्तगडला आमच्या जुन्या घराच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. समोर मोसंबीचा रस प्यायलो. इथली मोसंबी आहे, सोडू नका.

रविवारी सकाळी रिक्षा ठरवली. राजूरकडे एसटी जाते, तिथल्या गणपतीच्या दर्शनाला जायचं असेल तर तीच बरी. पण आम्हाला मधल्याच गावात उतरून शोधाशोध करायची होती. रिक्षावाले भाई म्हणाले, "बिलकुल घेऊन जातो. जाना-आना आठशे. तिथं कितीबी वेळ थांबा, अपने को काही जल्दी न्हाई."

मी सगळा रस्ता सीटच्या टोकावर बसून होते. बाई हयात असेल का? ओळखेल का? अण्णा मात्र बाहेर बघत होते. कपाशी कुठंकुठंच दिसत होती. दोन्ही बाजूंना पांढऱ्या जाळीचे मांडव, ओळीनं. "शेडनेट," भाई म्हणाले. "आत मिरचीचं बियाणं. क्रॉसिंग करून राह्यलेत सगळे."

म्हणजे काम तेच! फक्त फूल बदललं होतं.

फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेताना मी मालकांना नाव सांगितलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कौसाबाई? गाण्यावाली? सकाळच्याला सुनेच्या नेटमदीच असती की ती. ते काय, निळी टाकी दिसती ना, तिच्या बाजूला."

असती! मी चहा अर्धा टाकून उठले.

आत दमट ऊब होती. चार बायका वाकून चिमट्यानं मिरचीच्या कळ्या उघडत होत्या. पालथ्या कॅरेटवर एक म्हातारी बसली होती, बसूनही उंच वाटणारी. मी नाव सांगितलं, लहानपणी यायचे ते सांगितलं. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"साहेब का तुम्ही?" ती अण्णांना म्हणाली. "क्येस कुठं गेले?"

अण्णांनी डोक्यावरून हात फिरवला. मी हसत म्हणाले, "मावशी, मी तुमच्या गाण्यासाठी आलेय. कळी नवरी सजली."

"तुला येतंय ते?" तिचे डोळे मोठे झाले. मग बोट अण्णांकडे गेलं. "ह्यांनीच तर बंद केल्तं आमचं गाणं!"

चारही चिमटे थांबले. मला वाटलं ती थट्टा करतेय. पण अण्णा खाली बघत होते.

"खरं आहे," ते म्हणाले. "हात चालू द्या, तोंड बंद ठेवा, असं म्हणालो होतो मी. कळ्या कमी भरल्या की मला वरून बोलणी बसायची. पण गाण्यानं काही कमी होत नव्हतं. चुकलं माझं, कौसाबाई."

मला क्लासला गाडीवरून सोडणारे, परीक्षेच्या वेळी बाहेर उभे राहणारे अण्णा. त्यांनीच ते गाणं गप्प केलं होतं, आणि इतकी वर्षं मला सांगितलं नव्हतं.

कौसाबाईनं मात्र हात झटकला. "आवो, बंद कशाचं हुतंय? तुमची फटफटी वळली का मंग आमचं चालू! उलट एक कडवं वाढलं तुमच्यापायी. आयकायचं का? राग न्हाई ना येणार?"

"म्हणा," अण्णा म्हणाले.

तिनं गळा साफ केला. आवाज चिरका झाला होता, पण पट्टी तीच, थेट काळजात जाणारी.

नवरीचा मामा आला, छत्री घेऊन बांधाला
वऱ्हाडाला म्हणे गप, मंगलाष्टक विसरला

अण्णा हसले. चष्मा काढून, डोळे पुसत, खोकला लागेपर्यंत. "छत्री होती माझ्याकडे! काळी!" सून हसायला लागली, बाकीच्या बायका हसायला लागल्या. गाडीवर पाठमोरी बसून मी ऐकलेलं हसू हेच होतं तर!

"पुन्हा म्हणा," अण्णा म्हणाले. दुसऱ्या वेळी ते स्वतः हळूच गुणगुणत होते. तिसऱ्या वेळी आम्ही सगळ्यांनी म्हटलं, बायकांचे हात चालू, कळ्या उघडत होत्या.

सुनेनं पिठलं-भाकरी वाढली, पैशाचं नावही काढू दिलं नाही. निघताना कौसाबाईनं माझी हनुवटी धरली. "ही तुमची पोरगी तव्हा तोंड उघडं ठिवून बघायची, साहेब. आम्ही म्हणायचो, हिच्या तोंडात माशी जाईन."

परतीच्या रिक्षात अण्णांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तू पेटीवर ती चाल वाजवलीस ना, तेव्हाच ओळखली होती मी. तरी पुढं गाणं बंद केलं, आणि ते तुला सांगायचं धाडस झालं नाही." मी त्यांचा हात हातात घेतला. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण राजूर रस्ता संपेपर्यंत तो बराचसा ओसरला.

घरी येऊन तीन आठवडे झाले. तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जा, सकाळी लवकर, आणि नेटमध्ये विचारल्याशिवाय कुठल्या फुलाला हात लावू नका. माझ्याजवळ काय उरलं? पूर्ण गाणं उरलं. अण्णा जेवताना मामाचं कडवं म्हणतात आणि मी हसते.

परवा सातवीच्या मुलींकडून तिन्ही कडवी बसवून घेतली. कागदावर वर लिहिलं, गीत आणि चाल: कौसाबाई. तिच्या सुनेच्या मोबाईलवर फोन लावून मुलींना गायला लावलं.

"पोरी ग्वाड गातेत," कौसाबाई म्हणाली. "पण तोंडानं 'हळू लाव बोट' म्हणून राह्यल्या अन् घाई केवढी! असं लावलं तर फूल गळून पडंल ना, बाई."

आधीची दोन कडवी वर्गात शिकवताना बावीस वर्षं मी तालाच्या शिस्तीत ती ओळ तशीच पळवत आले होते. मी पेटीचा भाता मिटला. म्हटलं, मुलींनो, पेटी नको. पुन्हा एकदा, दुसऱ्या कडव्यापासून, समोर फूल आहे असं समजून.