उरलेला नान
हळद लावलेल्या गरम नानचा वास आला की मी पुन्हा शहागंजातल्या त्या काळवंडलेल्या खानावळीत जाऊन बसते. देवगाव रंगारीहून एसटीनं आले होते मी, घरच्यांनी लग्न ठरवलेल्या, शेंद्र्याला कंपनीत असलेल्या मुलाला भेटायला, ते लग्न मोडायला. तंदूरची धग भिंतीतून पाठीला लागत होती. दारातून तिरपं आलेलं ऊन मटणाच्या कलियाच्या लाल तवंगावर हळूहळू हलत होतं. तिथं नान मोजून आणि कलियाचा रस्सा मात्र मागाल तेवढा वाढायची पद्धत. पहिला घास घेण्याआधीच मी सांगून टाकलं, "मला पुढं शिकायचंय. आत्ता लग्न नको." तो रागावला नाही. खाली बघत म्हणाला, "व्हय, शिका की. पण एवढं खाऊन जा." रस्सा संपला तेव्हा त्याच्या ताटात नानचा तुकडा उरला होता. "चाचा, थोडा रस्सा द्या," तो म्हणाला. मग रस्सा उरला, म्हणून त्यानं नान मागवला. तिसऱ्यांदा वाढताना पांढऱ्या दाढीचे मालक हसले, "आरामसे खाओ, बेटा." तेव्हा कुठं मला कळलं, की तो जेवण संपूच देत नव्हता. ऊन भिंतीवर चढून विझलं, माझ्या दोन एसट्या सुटल्या. पुढं मी शिकले, त्यानं चार वर्षं वाट बघितली. आजही आमचं भांडण झालं, की मी ताटात शेवटचा तुकडा ठेवून बसून राहते, आणि तो मुकाट्यानं रस्सा वाढतो.