ज्या दारासाठी वहिनी गेल्या

हे करुणेच्या सागरा, हे निराधारांच्या माउली, ज्याच्या दरबारात अर्ज लागत नाही आणि ज्याच्या भेटीला वेळेचे बंधन नाही, अशा तुला आधी नमस्कार. आजारी माणूस एकटा पडला तरी त्याच्या उशाशी तू असतोस, असे आम्ही मानतो. तसे मानल्यावाचून आमच्याने जगवत नाही. तुझ्या कृपेचे बोट धरून एका बाईची कथा सांगायला बसलो आहे. ती कोणी राणी नव्हे, तपस्विनी नव्हे. ती गाद्या शिवते. सगळी गल्ली तिला ‘गादीवाल्या वहिनी’ म्हणते. आपणही वहिनीच म्हणू.

दुकान ते केवढे! दर्शनी बाजूला लाकडी फळी, मागे छतापर्यंत चढलेला कापूस, आणि फळीत टोचलेली वीतभर लांबीची सुई. नवरा कापूस पिंजी, वहिनी खोळी शिवत, आणि सासूबाई गिऱ्हाइकांशी भांडत. तिघांची कामे अशी रीतसर वाटलेली होती. “ही गादी एका बाजूला खचली हो,” अशी तक्रार घेऊन कोणी आला, की सासूबाई त्याला नखशिखान्त न्याहाळून म्हणत, “खचणारच. घरात दोघं असून गादीवर झोपता एकटेच. आधी भांडण मिटवा, मग गादी आणा.” गिऱ्हाईक लाजे, हसे, आणि उशाही घेऊन जाई. घर गरीब होते. पण त्या घरात हसू उधार आणावे लागत नव्हते.

आणि सज्जनहो, अशा घरावर ताप आला. नवऱ्याला संसर्गाचा आजार झाला. सरकारी रुग्णालयात त्याला विलगीकरण कक्षात ठेवले. म्हणजे ज्याचा आजार दुसऱ्याला लागू नये, त्याला सगळ्यांपासून वेगळे ठेवतात त्या खोलीत. दार बंद झाले. दाराबाहेर आई आणि बायको उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी आतून “आई” अशी हाक ऐकू आली. सासूबाईंनी दारावर तळहात ठेवून “ओ” दिली. ती त्याला पोहोचली की नाही, कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक सेवक बाहेर आला आणि त्याने मान खाली घातली.

“शेवटी तो काही म्हणाला का?” सासूबाईंनी विचारले.

“त्या वेळी खोलीत कोणी नव्हतं, आजी.”

एवढेच उत्तर. परिचारिकेला विचारले, डॉक्टरांना विचारले, झाडणाऱ्या बाईला विचारले, उत्तर तेच. मुलगा गेला हे दुःख त्या माउलीने पदरी बांधले असते, पण तो काय बोलत गेला हे जगात कोणालाच ठाऊक नाही, हे तिला गिळता येईना. घास घेताना ती मध्येच थांबे आणि म्हणे, “पाणी मागितलं असेल का गं त्याने?” एक दिवस तिने सुनेचा हात धरला. “मला दुसरं काही नको. दुसऱ्या कोणाच्या आईला त्या दाराबाहेर उभं राहायला लागू नये, एवढं कर.”

“करते, आई,” वहिनी म्हणाल्या. शब्द दिला.

शब्द देणे सोपे; तो घेऊन जायचे कुठे? रुग्णालयाचे प्रमुख म्हणाले, नियम वरून आला आहे. वहिनी वर गेल्या. वरचे म्हणाले, खात्याचे तसे धोरणच नाही.

“मग धोरण कुठे मिळतं?” वहिनींनी विचारले.

टेबलामागचा कारकून हसला. “मिळत नाही बाई. करावं लागतं.”

“मग करा.”

“आम्ही कोण करणारे? आधी सभागृहात कोणीतरी विचारायला हवं.”

विचारणारा कोण, तर त्या भागातून निवडून आलेले भाऊसाहेब. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा आणि मनाने तसा वाईट नसलेला माणूस. वहिनींना बघताच म्हणाले, “वहिनी, तुमचं बरं आहे. तुम्ही चार गाद्या रोज शिवता. आम्हाला एक टिकवताना नाकी नऊ येतात.” पण गाऱ्हाणे ऐकता ऐकता त्यांचे हसू विरले, आणि त्यांनी सभागृहात प्रश्न विचारला. सगळे भक्तिभावाने झाले असे मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात मंत्र्यांना अडचणीत आणायला त्यांना विषय हवा होता, हेही खरे. देवाचे काम देव कोणाच्या हातून करून घेईल, सांगता येत नाही. मंत्री म्हणाले, समिती नेमू. आणि समिती नेमली गेली: खात्याचे सचिव अध्यक्ष, रुग्णालयांच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, वित्त विभागाचे एक अधिकारी, भाऊसाहेब, आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या वतीने गादीवाल्या वहिनी.

पहिल्या बैठकीला निघताना सासूबाई म्हणाल्या, “खुर्चीला हात लावून बघू नकोस. तुला मऊ दिसलं की दाबायची खोड आहे.” वहिनींनी दाबली. शेजारी बसलेल्या वित्त अधिकाऱ्यांना हळूच म्हणाल्या, “यात फोम आहे, वर्षात बसेल.” ते गंभीर गृहस्थ, पण पुढच्या बैठकीला त्यांनी घरची उशी दुरुस्तीला आणली.

राज्यकारभाराची वाट कशी असते, ते वहिनींनी तिथे पाहिले. लांबून वाटते, कोणी एक मोठा माणूस आज्ञा करतो आणि नियम जन्माला येतो. जवळून पाहावे, तर एकेका शब्दाला चार हात धरून असतात आणि प्रत्येक हात आपल्याकडे ओढतो. अत्यवस्थ रुग्णापाशी जवळचे एक माणूस दिवसरात्र राहू शकेल, एवढेच ते वाक्य. पण जवळचे म्हणजे कोण? सचिव म्हणाले, “रक्ताचं नातं. कागदावर सिद्ध होईल असं.”

“आणि ज्याचं कोणीच नाही, पण शेजारीण रोज डबा देते, तो?”

सचिवांनी चष्मा काढून पुसला. “मग काय लिहायचं?”

“त्यालाच विचारा की. तो सांगेल तो जवळचा.”

तसे लिहिले गेले. पुढे बसायचे कशावर, यावर वाद झाला. वित्त विभाग म्हणाला, प्रत्येक खाटेपाशी खुर्ची ठेवणे परवडणार नाही. स्टुलावर तडजोड झाली. राखणदारांच्या संघटनेचे म्हणणे आले, की गर्दी वाढली तर मार आम्ही खातो. मग ओळखपट्टी ठरली. असा एकेक टाका घालत समिती शेवटच्या कलमापाशी आली. विलगीकरण कक्ष.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तिथे नाही.”

“मी तर तिथल्यासाठीच आलेय,” वहिनी म्हणाल्या.

“मला माहीत आहे. पण आत जायचं तर अंगभर संरक्षक पोशाख लागतो, तो घालायला-काढायला शिकवावं लागतं, मध्ये दुसरी खोली लागते. मोठ्या दवाखान्यांत होईल. लहान दवाखान्यांत एकच दार आहे, वहिनी. नातेवाईक आजार घेऊन घरी जाईल. माझी एक परिचारिका तसल्याच खोलीत आजार लागून दगावली. पोशाख घालूनही.”

बोलणाऱ्या बाईंचा आवाज चढला नव्हता. त्या खोटे बोलत नव्हत्या, हे वहिनींना कळत होते. समोरचा दुष्ट असता तर त्याच्याशी भांडता आले असते.

मग सचिवांनी रीत समजावली. अहवाल एकमताने गेला, तर मंत्रिमंडळ चालू अधिवेशनातच मान्य करील. कोणी वेगळे मत नोंदवले, तर अहवाल पुन्हा सगळ्या विभागांकडे अभिप्रायाला जाईल. भाऊसाहेबांनी वहिनींना बाहेर व्हरांड्यात नेले.

“वहिनी, स्पष्ट बोलतो. अधिवेशन संपत आलंय. त्यानंतर निवडणूक. मी परत येईन की नाही, देव जाणे. नवं सभागृह म्हणजे पुन्हा प्रश्न, पुन्हा समिती, सगळं पहिल्यापासून.”

“म्हणजे ते एक दार मागितलं, तर बाकीची सगळी बंद राहतील.”

“तसंच समजा.”

“आणि ते सोडलं तर?”

“तर या महिन्यापासून राज्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात उशाशी माणूस असेल. बाकी ठिकाणी.”

बाकी ठिकाणी! केवढे मोठे राज्य त्या दोन शब्दांत मावले, आणि केवढे लहान दार बाहेर राहिले. वहिनी परत आत आल्या. सहीच्या कागदाकडे न जाता त्या डॉक्टरीणबाईंपाशी गेल्या.

“तुमच्या त्या परिचारिकेच्या शेवटी कोण होतं?”

डॉक्टरीणबाईंनी टेबलाकडे पाहत सांगितले, “कोणी नव्हतं. मी काचेबाहेर होते. आत जायचं नाही हा नियम माझाच होता.”

वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग सही केली. धनी, क्षमा करा, असे काही पुटपुटल्या का? कोणी ऐकले नाही. एवढे खरे, की जे मिळवायला त्या गेल्या होत्या, तेच त्यांनी आपल्या हाताने सोडून दिले, म्हणून बाकीचे मिळाले.

घरी सासूबाई वाट पाहत होत्या.

“झालं का?”

“झालं, आई. प्रत्येक दवाखान्यात. जवळचं माणूस रात्रंदिवस बसू शकेल.”

“आणि ते दार?”

वहिनींनी पायातून काढलेल्या चपला उगाच सरळ केल्या. “ते राहिलं.”

“राहिलं म्हणजे?”

“मी सोडलं. नाहीतर काहीच झालं नसतं.”

“माझा मुलगा कुठल्या दाराआड गेला?”

“त्याच.”

“मग तू गेली होतीस कशाला?”

त्या दिवसापासून सासूबाईंनी सुनेशी बोलणे टाकले. गिऱ्हाईक मध्ये असेल तर त्याच्या तोंडून निरोप. “यांना सांगा, दोरा संपलाय.” गिऱ्हाईक बिचारे इकडून तिकडे पाही. वहिनीही त्यालाच सांगत, “त्यांना म्हणावं, आणलाय.” गल्लीने वहिनींना शाबासकी दिली. वर्तमानपत्रात मंत्र्यांचे छायाचित्र आले. निवडणूक झाली आणि भाऊसाहेब पडले. दुकानात कापूस तसाच पिंजला जाई, आता मजुराकडून. पण घरातले हसू मात्र दाराबाहेर गेले ते परतले नाही. दोघी एकाच खोलीत झोपत, एकमेकींचा हुंदका ऐकत, आणि दोघीही झोपल्याचे सोंग करीत.

मग एका दुपारी एक उतारवयाचे सुतार दुकानात आले. त्यांना गादी नको होती. “वहिनी कोण?” त्यांनी विचारले. “मला कोणीतरी सांगितलं, तो नियम तुम्ही केलात म्हणून. माझी बायको गेली. मी होतो जवळ. स्टुलावर बसलो होतो, तिचा हात हातात होता. तेवढं सांगायला आलो.”

वहिनींनी हातातली सुई फळीत टोचली. कोपऱ्यात कापूस निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला.

“शेवटी काही म्हणाली का?”

“म्हणाली, खिडकी लावा, थंडी वाजतेय.”

“मग तुम्ही लावलीत?”

“लावली की. लावून आलो, पुन्हा हात धरला. मग गेली.”

सासूबाईंनी मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला. एवढी साधी गोष्ट! ना उपदेश, ना निरोप, ना देवाचे नाव, खिडकी लावा. आणि ती लावायला कोणी होते. त्यांनी सुताराला बसवले, पाणी दिले, त्याच्या बायकोबद्दल विचारत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेला म्हटले, “चल.” किती महिन्यांनी पहिला शब्द!

“कुठे, आई?”

“तिथे.”

वाटेत दोघी रुग्णालयाच्या मोठ्या कक्षातून गेल्या. खाटांपाशी माणसे बसली होती: कोणी पाय चेपत होते, कोणी पेंगत होते, कोणी रुग्णालाच रागावत होते, “गोळी थुंकलीस तर बघ!” सासूबाई प्रत्येक खाटेपाशी क्षणभर थांबल्या. मग त्या बंद दारापाशी आल्या. दार बंदच होते. ते आजही बंद आहे, मी खोटे सांगणार नाही. बाहेर एक बाई भिंतीला टेकून उभी होती.

“आत कोण?” सासूबाईंनी विचारले.

“मुलगी.”

“बस खाली. मी बसते तुझ्यापाशी. आत जाऊ देत नाहीत. बाहेर बसायला कोणाची बंदी नाही.” मग मागे वळून सुनेला म्हणाल्या, “तू दुकान उघड. दुपारी येताना दोघींना खायला आण. तिघींना. तूही बस जरा.”

क्षमा केली का? ते मला ठाऊक नाही. त्या मोजणीत माणसाने पडू नये. एवढे पाहिले, की तेव्हापासून त्या दारापाशी कोणी एकटे उभे राहत नाही. कधी सासूबाई असतात, कधी सून. सून त्या दाराकडे आजही सरळ बघू शकत नाही.

हे कृपावंता, त्या दुकानाला गिऱ्हाईक दे, त्या सुईला धार दे, सासूच्या जिभेचा तिखटपणा शाबूत ठेव. ज्यांनी सह्या केल्या आणि ज्यांनी नकार दिले, त्या सगळ्यांच्या घरी शांत झोप दे. वहिनींच्या काळजावरचा भार तूच हलका कर, कारण तो माणसांकडून हलत नाही. आणि त्या दोघींपैकी जिची वेळ आधी येईल, तिच्या उशाशी दुसरी असू दे. ती काय म्हणाली, ते ऐकायला.