माहेरी आलेली चाकं

ठप्प. आणि क्षणभराने पुन्हा ठप्प.

रिमवर टायर चढवून हवा भरली की टायरची कड आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने खाचेत जाऊन बसते, त्याचा हा आवाज. पहिल्यांदा ऐकला तो न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर, ट्रकच्या टायरचा. काहीतरी फुटलं असं वाटून मी लांब पळालो होतो. वस्ताद जागेवरूनच म्हणाला, "ये परत. फुटलं नाही, बसलं." तेव्हापासून याच धंद्यात आहे. दुकानात जुने टायर साचतात तसे किस्सेही साचतात. टायर न्यायला निदान भंगारवाला तरी येतो.

हल्ली मी महाप्याला विलासशेठच्या दुकानात असतो. शेठ साताऱ्याकडचे, माझ्याहून पुष्कळ लहान. सगळे मला मामा म्हणतात, म्हणून तेही मामाच म्हणतात. आमच्याकडे हौशी लोक स्पोर्ट्स कार घेऊन येतात आणि कंपनीची चाकं काढून मोठी बसवून घेतात. मोठी म्हणजे आतली रिम मोठी. बाहेरचा घेर तेवढाच ठेवायचा असतो, म्हणून वरची रबराची पट्टी बारीक होते. बारीक रबर वळणावर दुमडत नाही. स्टिअरिंग जरा हलवलं की गाडी लगेच ऐकते. पण खड्डा गिळायचं कामही त्याच रबराचं असतं.

काढलेली चाकं लोक आमच्याच भिंतीवर टांगून जातात. शेठ म्हणतात, "माहेरी आली." कुणी ती परत न्यायला आला, तर का, हे विचारायचं नाही. हा दुकानाचा रिवाज.

एका गृहस्थांनी शेठ नको म्हणत असताना मापापेक्षा मोठी चाकं बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटातूनच त्यांचा फोन.

"शेठ, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाक आत घासतंय. गाडी फक्त सरळ चालते."

शेठ म्हणाले, "मग सध्या हायवे सोडू नका."

बँकेतल्या एका साहेबांनी फार बारीक रबर घेतलं. गाडी दिसायची मात्र देखणी. आठवड्याने हवा बघायला आले, तेव्हा मी विचारलं, "कशी चालते साहेब?"

साहेब जरा विचार करून म्हणाले, "मामा, काल रस्त्यात कुणीतरी शेंगांची टरफलं टाकली होती. खारी होती की भाजलेली, तेवढं फक्त कळलं नाही."

सगळ्यांचंच बिनसतं असं नाही. खारघरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांनी एकच इंच वाढवला आणि खूश झाल्या. "मामा, घाटात वळायचं मनात आलं की गाडी वळलेलीच असते," म्हणाल्या.

मी म्हटलं, "मागे सासूबाईंना दणके बसत नाहीत ना?"

"मागे सीटच नाही मामा. तेच बघून तर घेतली."

निनादचं मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. निनाद महाप्यालाच कॉम्प्युटरवर काम करतो. त्याचे वडील, तात्या, उरणकडचे. जन्मभर न्हावा शेवाला कंटेनरचा ट्रेलर चालवला आणि त्यात पाठ गेली. कुठेही बसायचं तर एक लहानशी उशी बरोबर घेऊन हिंडतात. ट्रेलरच्या उंच केबिनमधून त्यांना खालून सुसाट जाणाऱ्या बुटक्या गाड्या दिसायच्या. 'एकदा तिच्यात बसाचंय,' असं ते घरी म्हणायचे. पोराने ते लक्षात ठेवलं आणि नोकरी लागल्यावर जुनीच, पण लाल स्पोर्ट्स कार घेतली. बापलेक पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा तात्या डावीकडे नवरदेवासारखे बसले होते.

मग निनादने मोठी चाकं बसवली. त्यानंतर तात्या गाडीत दिसेनात.

एकदा ते एकटेच दुकानात आले. उशी स्टुलावर ठेवून बसले आणि भिंतीवरच्या चाकांकडे बघत राहिले. जाताना तेच म्हणाले, "मामा, पाठ माजी हाय, गाडी त्याची हाय. ती धुताना पोराचं तोंड बघितलंस? त्याला काय बोलू नको."

मी बोलणार नाही म्हणालो.

थोड्याच दिवसांनी निनाद आला. तोंड उतरलेलं. "मामा, ज्यांच्यासाठी गाडी घेतली, तेच बसत नाहीत. म्हणतात, तू जा पुढे, मला मेट्रोच बरी. माझं काय चुकलं, तेही सांगत नाहीत."

तात्यांना शब्द दिला होता. मी म्हटलं, "शेठना कधीपासून तुझी गाडी चालवून बघायचीय. दे त्यांना. तू बाजूला बस."

शेठना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आनंदाने एमआयडीसीचे सगळे रस्ते फिरवून आणले. स्टिअरिंग ज्याच्या हातात असतं त्याला खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप आवरतं. शेजारच्याला तो दणका बसल्यावर कळतो. निनाद स्वतःच्या गाडीत डावीकडे कधी बसलाच नव्हता.

उतरला तो कमरेवर हात ठेवून. दाराला धरून थोडा वेळ उभा राहिला.

"मामा, माझी चाकं आहेत ना भिंतीवर?"

का, ते मी विचारलं नाही.

टांगून टांगून हवा उतरली होती. एका टायरच्या दोन्ही कडा सुटल्या होत्या, त्या पुन्हा बसवल्या. ठप्प. ठप्प.

दुसऱ्या दिवशी निनाद तात्यांना रिक्षाने घेऊन आला. तात्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून अंगठ्याने जाड रबर दाबलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मी काही बोललो नाही," मी म्हणालो.

तात्यांनी काखेतली उशी माझ्या स्टुलावर ठेवली आणि गाडीत डावीकडे जाऊन बसले.

चांगल्या तासाभराने गाडी परत आली, तेव्हा तात्या चालवत होते आणि निनाद डावीकडे होता. तात्या उतरले. किल्ली पोराच्या हातात दिली, बॉनेटवर हळूच हात फिरवला आणि चालू लागले.

निनादने स्टुलावरून उशी उचलली. "तात्या, उशी राहिली."

तात्यांनी ऐकलं. मागे न बघता, ताठ पाठीने ते चहाच्या टपरीकडे चालत गेले.